वळू क्रमांक एक्केचाळीसचं अपयश

निंबखेड्याच्या नत्थूजी नेहारेचं नाव, गाव, वय आयुष्यात तिघांनीच विचारून कागदावर उतरवलं. पहिला खानेसुमारीवाला, दुसरा देवी टोचणारा, आणि तिसरे नागपूरचे प्रभाकरराव. मोठमोठ्या योजना का बुडतात, याचं प्रभाकरराव संशोधन करत होते. पहिल्या दोघांनी नत्थूजीचं काही वाईट केलं नाही.

नत्थूजी गावचा गुराखी. बाप गुराखी, आजा गुराखी. सिंदी रेल्वेपासून दोन कोसांवरच्या या गावात सव्वाशे ढोरं होती. सकाळी ती नत्थूजीच्या हवाली केली, की गाव कापसाच्या पऱ्हाटीकडे जायला मोकळं. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं, आणि शाळेनेही कधी त्याची चौकशी केली नव्हती. पण कोणती गाय केव्हा माजावर येणार, कोणती केव्हा विणार, कोणाचं पोट कशाने फुगलं, हे तो लांबून नुसती चाल पाहून सांगायचा. त्याची बायको जिजाबाई शेजारणींना ऐकवायची, "मी बिमार पडली तं याले तिसऱ्या दिवशी समजते. गाय शिंकली का त्याच घडीले समजते." नत्थूजी हे ऐकून खूश व्हायचा. त्यात तक्रार आहे हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

पंचावन्न साली तालुक्यात विकासाचा ब्लॉक उघडला आणि निंबखेड्याच्या वाट्याला एक वळू आला. गवळाऊ जातीचा, पांढराशुभ्र, सरकारी दप्तरात क्रमांक एक्केचाळीस. गवळाऊ ढोरं म्हणजे वर्धा जिल्ह्याची घरचीच. तरी सरकारने तो वळू चार ठिकाणच्या सह्या घेऊन, ट्रकमध्ये घालून, हार घालून आणला. ब्लॉकच्या साहेबांनी भाषण केलं. पाच वर्षांत गावात दुधाचे पाट वाहतील, असं ते म्हणाले. मग ढोरांच्या डॉक्टरांनी गावातले यच्चयावत गावठी गोऱ्हे एका रांगेत उभे केले आणि चिमट्याने खच्ची करून टाकले, म्हणजे जातिवंत वळूच्या कामात कोणाची लुडबूड नको. आणि निघताना साहेब सहज बोलून गेले, "हा सरकारचा पाहुणा आहे असं समजा."

इथेच घात झाला. साहेब बोलण्याच्या ओघात बोलले होते, पण निंबखेड्यात पाहुणा हा थट्टेचा विषय नाही. पाहुण्याला बसवायचं, खाऊ घालायचं आणि हातपाय हलवू द्यायचे नाहीत, ही तिथली रीत. बाबाराव हे गावचे जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार. चार वर्षांपूर्वी मालगुजारी गेली होती, पण ऐट घरातच राहिली होती. त्यांनी वळू आपल्या दारात सिमेंटच्या ओट्यावर बांधला आणि गावातल्या सात मोठ्या घरांकडे त्याच्या जेवणाचे वार लावून दिले. सोमवारी सरकी, मंगळवारी पेंडीची ढेप, बुधवारी गूळ घातलेला हरभरा. गुरुवारच्या घराने बुधवारच्या घराला मागे टाकायचं म्हणून आंबोण शिजवून घातलं. जावयाचे एवढे लाड कोणी केले नसतील. त्याचं पोट आणि त्याची चाल पाहून गावाने त्याला दिवाणजी म्हणायला सुरुवात केली.

ब्लॉकची माणसं महिन्या दोन महिन्यांनी यायची. फीत काढून दिवाणजीची छाती मोजायची, आकडा लिहून घ्यायची आणि म्हणायची, "वा! प्रगती आहे." बाबारावांची मान ताठ व्हायची. गाय फळवण्यासाठी दारासमोर चार खांबांचा खोडा ठोकला होता, आणि किती गाई फळवल्या ते लिहायला एक रजिस्टर दिलं होतं. ते रजिस्टर बाबारावांनी लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवलं होतं आणि ते कोरंच्या कोरं होतं. कारण खोड्यात गाय आणली, की दिवाणजी तिच्याकडे बघायचा, एक लांब श्वास सोडायचा आणि खाली बसायचा.

दोन वर्षं होत आली, गावात एक वासरू जन्मलं नाही. गोऱ्हे खच्ची झालेले, आणि एकटा उरलेला पंगतीत बसलेला. गाई आटल्या. जिजाबाईच्या घरचा चहा काळा झाला. नत्थूजीची हरणी नावाची एकच गाय होती, तीही भाकड उभी. नत्थूजीने पहिल्याच वर्षी बाबारावांना हात जोडून सांगितलं होतं, "मालक, वळू खाऊन होत नाई, चालून होते. चार महिने माह्या ढोराईत सोडा."

"सरकारचा वळू तुह्या खटारा ढोराईत?" बाबाराव म्हणाले, आणि ओट्यावरचे सगळे पोट धरून हसले.

छप्पन सालच्या दिवाळीनंतर प्रभाकरराव आले. त्याच महिन्यात वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला होता. गाव जागचं हललं नव्हतं, पण कचेऱ्यांतून कोणाला काही विचारण्याची सोय राहिली नव्हती. अशा वेळी सायकलवरून, पॅंटला चिमटे लावून, पिशवीत एकशे बारा प्रश्नांची चळत घेऊन हा तिशीचा सडपातळ मास्तर गावात उतरला. 'महत्त्वाकांक्षी ग्रामयोजनांचे अपयश' हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी त्यांनी सहा बुडालेल्या योजना निवडल्या होत्या. एका गावात सभागृहात शेळ्या बांधलेल्या होत्या, दुसऱ्यात संडासांत कापूस भरलेला होता, अशा पाच तर केव्हाच मेल्या होत्या. सहावा दिवाणजी. "हे एकमेव जिवंत अपयश आहे," प्रभाकरराव हरखून म्हणाले. योजना अपयशी आहे हे आधीच पक्कं झालं होतं. का, एवढंच शोधायचं होतं.

अपयश हा शब्द कानावर पडताच बाबारावांना चौकशीचा वास आला. त्यांनी त्याच दुपारी नत्थूजीला बोलावून घेतलं.

"दिवाणजीले घेऊन जाय तुह्याकडे. आनं कोनी इचारलं तं सांगजो, पयल्यापासून तुह्याच ताब्यात होता."

"पन मालक, कालपरेंत तं तुमच्या दारात..."

"समजलं ना सांगतलं थे?"

नत्थूजीला समजलं. आपल्या गळ्यात काय बांधलं जातंय ते पुरतं समजलं. पण दिवाणजीचा दोर हातात आला, तसं त्याला बाकी काही सुचेना. तो ढोरांचा माणूस होता. अंगावर येणाऱ्या ठपक्यापेक्षा त्याला ती वाढलेली खुरं जास्त दिसत होती.

त्याने आधी खुरं कापली. मग सरकी बंद, ढेप बंद, गूळ तर पार बंद. वार लावलेली सातही घरं भांडायला आली, सरकारी पाहुणा उपाशी मारतोस म्हणून. नत्थूजीने त्यांना हरणीच्या वाळलेल्या सडांकडे बोट दाखवलं आणि दिवाणजीला रानात हाकललं. पहिल्या दिवशी वळू पन्नास पावलं चालला आणि बाभळीखाली बसला. नत्थूजी त्याच्याशेजारी बसला. दुसऱ्या दिवशी शंभर. पौषाच्या थंडीत दोघं रोज नाल्यापर्यंत जाऊ लागले. संक्रांतीला दिवाणजी कळपाच्या पुढे पळत होता, आणि त्याच्या नाकपुड्यांत पहिल्यांदा वळूचा वारा भरला होता.

या सगळ्या वेळात प्रभाकरराव हातात वही घेऊन मागे मागे. कुसळं काढत, ठेचकाळत त्यांचे प्रश्न चालायचे. त्यांच्या वहीत नत्थूजी होता उत्तरदाता क्रमांक अकरा.

"योजनेच्या उद्दिष्टांची तुम्हाला पूर्ण कल्पना होती, अंशतः होती, की अजिबात नव्हती?"

"साहेब, वळू कायले असते थे कोनाले नाई ठाऊक?"

"बरं. अपयशाचं मुख्य कारण तुमच्या मते काय?"

"जास्त खाल्लं, कमी चाललं."

प्रभाकररावांनी कागद खालीवर पाहिला. लोकसहभागाचा अभाव होता, निरक्षरता होती, परंपरेचा पगडा होता, भांडवलाची टंचाई होती. जास्त खाल्लं, कमी चाललं, याला रकाना नव्हता. त्यांनी 'इतर' वर बारीकशी खूण केली. माणूस वाईट नव्हता. नत्थूजीच्या घरी काळा चहा गोड मानून घ्यायचा, जिजाबाईला वहिनी म्हणायचा. फक्त त्याच्या डोळ्यांसमोर जे घडे, ते आधी कागदाला विचारून मग दिसे.

माघातली एक दुपार. पळस नुकते फुलू लागले होते. हरणी माजावर आली होती, आणि दिवाणजीने दोन वर्षांत जे केलं नव्हतं ते सगळ्या कळपादेखत, खोड्याशिवाय, रजिस्टराशिवाय केलं. नत्थूजी आनंदाने नाचायचाच बाकी राहिला. "साहेब! पाहा! पाहा अन् लिहा!"

प्रभाकरराव अविवाहित होते आणि सभ्य घरातले होते. त्यांनी चटकन मान फिरवली आणि पळसाच्या झाडाकडे इतकं निरखून पाहिलं, की झाडालाच संकोच वाटावा. कानापर्यंत लाल झालेल्या प्रभाकररावांनी थोड्या वेळाने वहीत लिहिलं: 'दुपारी तीन दहा. उत्तरदाता उत्तेजित.' झालं. क्रमांक एक्केचाळीसच्या कर्तृत्वाची ही एवढीच नोंद.

होळीपर्यंत सतरा गाई फळवून झाल्या. नत्थूजीने काठीवर सतरा खाचा पाडल्या आणि ती काठी घेऊन बाबारावांकडे गेला. "मालक, रजिष्टरात लिहा ना."

बाबारावांनी काठी उलटसुलट केली. "खोड्यात झालं का? माह्या दारात झालं का? मंग मी कसं लिहू? उद्या कोनी इचारलं, दोन वर्षं तुमच्या दारात कायले झालं नाई, तं काय सांगू?" शेवटचा प्रश्न त्यांच्या तोंडून निसटून गेला होता. खरं कारण तेच होतं, आणि ते बदलण्यासारखं नव्हतं. रजिस्टर देवघरात कोरंच राहिलं.

प्रभाकररावांचा अभ्यासाचा काळ मार्चअखेर संपला. ते गेले, आणि जाताना रीतसर कर्तव्य म्हणून निष्कर्षांची एक प्रत ब्लॉकला देऊन गेले. त्यात क्रमांक एक्केचाळीसवर आठ पानं होती. योजना फसली, कारण वळूची देखभाल पहिल्यापासून एका निरक्षर गुराख्याकडे होती, आणि त्याला योजनेच्या उद्दिष्टांची कल्पना नव्हती, असं त्यात लिहिलं होतं. छाती दर महिन्याला वाढत होती, ती याच गुराख्याने खुराक तोडल्यावर सात इंचांनी घटली, हे आकडेवारीने सिद्ध केलं होतं.

सरकार तसं कुंभकर्ण, पण हा अहवाल वाचून जागं झालं. पोळ्यानंतर चौथ्या दिवशी ढोरांचे डॉक्टर जीपमधून उतरले. वळू निकामी ठरला आहे. नियमाप्रमाणे त्याला खच्ची करून बैल म्हणून विकायचं. त्याच जीपमध्ये प्रभाकररावही होते. प्रबंधात घालायला त्यांना दिवाणजीचा फोटो हवा होता.

नत्थूजीने डॉक्टरांचे पाय धरले. मग त्यांना कळपाकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी चार गाई तपासल्या. चारही गाभण.

"गाभण आहेत हे खरं," ते म्हणाले, "पण कोणापासून? रजिस्टरात तर काही नाही."

"गावात दुसरा वळू हाय कुठं साहेब? सारे गोऱ्हे तं तुमीच खच्ची केले."

डॉक्टरांनी हात पुसले. मग म्हणाले, "शेजारच्या गावचा येऊन गेला असेल."

नत्थूजी प्रभाकररावांकडे वळला. "साहेब, तुमी होते ना त्या दिवशी? पळसापाशी? तुमी सांगा ना यायले. तुमचं आयकतीन हे."

खोटं कशाला सांगा, प्रभाकररावांची नजर एकदा गाभण गाईंकडे वळली. त्यांना सगळं आठवत होतं. पण सहा प्रकरणांतलं हे त्यांचं सगळ्यात देखणं प्रकरण होतं. मार्गदर्शकांनी त्यासाठी पाठ थोपटली होती, छपाई सुरू झाली होती. वळू यशस्वी झाला असता, तर ते कुठे गेले असते? "नत्थूजी," ते हळूच म्हणाले, "मी प्रत्यक्ष असं पाहिलं नाही. माझी मान दुसरीकडे होती. आणि वासरं तर अभ्यासाचा काळ संपल्यावर होणार. ती मला धरता येत नाहीत."

"धरता येत नाई? आता चार महिन्यात दूध पितीन थे!"

डॉक्टरांनी चिमटा काढला. पण दिवाणजी कोणालाच जवळ येऊ देईना. धरायला गेलेल्या दोघांना त्याने आडवं केलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हा गुराख्याचंच ऐकतो. त्यालाच धरू दे." बाबारावांनी दुरून हुकूम सोडला. नत्थूजी पुढे गेला आणि त्याने दिवाणजीच्या मानेत हात घातला. वळू शांत उभा राहिला. त्याचा त्या हातांवर विश्वास होता. नत्थूजीने त्यानंतर तीन दिवस जेवण घेतलं नाही, आणि जिजाबाईने त्याला जेव म्हटलं नाही. ती स्वतः ओट्यावर बसून जीपच्या, नागपूरच्या आणि मुंबई राज्याच्या नावाने बोटं मोडत होती.

दिवाणजीला बाबारावांनीच विकत घेतलं आणि आपल्या दमणीला, बसायच्या हलक्या गाडीला, जुंपलं. पोट कमी झाल्याने तो चालायला झकास निघाला होता.

कार्तिकापासून पौषापर्यंत निंबखेड्यात सतरा वासरं झाली. सगळी पांढरी, सगळ्यांचं कपाळ दिवाणजीसारखं रुंद. घरोघरी चहा पुन्हा दुधाचा झाला. हरणीला गोऱ्हा झाला. या वासरांचा बाप कोण, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नत्थूजीला आता गावाकडून काही नको होतं. त्याला एकच पाहिजे होतं: सरकारच्या एखाद्या कागदावर एकदा तरी लिहिलं जावं, की क्रमांक एक्केचाळीस नापास नव्हता. त्याच्या हातून जे झालं होतं, त्याचं एवढंच प्रायश्चित्त त्याला सुचत होतं.

एकोणसाठच्या जानेवारीत सिंदीला जनावरांचं प्रदर्शन भरलं आणि नत्थूजी गोऱ्ह्याला घासूनपुसून, शिंगांच्या जागी तेल लावून घेऊन गेला. जिल्ह्यातली ढोरं आली होती. परीक्षकांनी गोऱ्ह्याचे दात पाहिले, पाय पाहिले, त्याला पळवून पाहिलं आणि पहिला नंबर देऊन टाकला. दुसरा नंबर त्याच सतरांतल्या बाबारावांच्या कालवडीला.

बक्षीस द्यायला पाहुणे म्हणून कोण, तर डॉक्टर प्रभाकरराव. प्रबंध मान्य झाला होता आणि आता ते योजनांचं मूल्यमापन करणाऱ्या कचेरीत साहेब होते. अंगाने जरा भरले होते. टेबलावर पितळी बिल्ले आणि प्रशस्तिपत्रकं मांडलेली. कारकुनाने पत्रक पुढे सरकवलं. मालक, नत्थूजी नेहारे. गाय, हरणी. वळू, आणि पुढे रिकामी रेघ.

"वळू कोणता?" कारकुनाने विचारलं.

नत्थूजीने दोर न सोडता बोट दाखवलं. मैदानाच्या कडेला बाबारावांची दमणी उभी होती आणि जुवाखाली दिवाणजी रवंथ करत होता. लोकांनी बोटाच्या रोखाने पाहिलं आणि हसण्याचा एकच कल्लोळ उठला. बैलाला बाप करून राह्यला म्हणे!

नत्थूजी हसला नाही. तो प्रभाकररावांकडे पाहत होता. "साहेब, लेखनी तुमच्या हातात हाय. एकेचाळीस लिहा. बाकी काई नका लिहू."

प्रभाकररावांनी टाक दौतीत बुडवला. दोन आकड्यांचं काम होतं. पण ते दोन आकडे लिहिले, तर छापलेली आठ पानं खोटी, पदवी शंकेची आणि साहेबाचा पुन्हा मास्तर. त्यांनी एकदा दमणीकडे पाहिलं, एकदा गोऱ्ह्याच्या रुंद कपाळाकडे पाहिलं आणि सुंदर वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला.

"काय लिव्हलं?" नत्थूजीने विचारलं.

"अज्ञात."

"म्हंजे?"

"म्हणजे... माहीत नाही."

"कोनाले?"

कारकुनाने शाईची पेटी पुढे करून नत्थूजीचा अंगठा मागितला. नत्थूजीने हात मागे घेतला. "माह्या गोऱ्ह्याले बाप हाय," तो म्हणाला, "हे कागद तुमीच ठेवा. तुमाले लागते." आणि गोऱ्हा घेऊन तो चालू लागला. बिल्ला टेबलावरच राहिला.

सही नाही म्हणजे बक्षीस नाही, असा नियम होता. पहिला नंबर कालवडीकडे गेला. तिच्याही पत्रकावर वळूच्या पुढे प्रभाकररावांनी तोच शब्द लिहिला, आणि बाबारावांनी खाली झोकात सही ठोकली. टाळ्या झाल्या. बिल्ला कोटाला लावून बाबाराव दमणीत बसले, आणि दिवाणजी त्यांना ओढत घरी घेऊन गेला.